मोरीचं पाणी गाळून झाडांना: खडी, वाळू, कोळसा आणि कर्दळीचा घरगुती फिल्टर

२०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी यायला लागलं तेव्हा आमच्या नळाला पाणी येऊन किती दिवस झाले हे मोजणं आम्ही सोडूनच दिलं होतं. मांजरा धरण कोरडं, बोअर आटलेलं, टँकरवर सगळं. त्या उन्हाळ्यात आम्ही घरातली सगळी टबात उभं राहून अंघोळ करायचो आणि ते पाणी बादलीने नेऊन परसातल्या नारळाला, केळीला, जास्वंदीला घालायचो. झाडं जगली म्हणून खूप बरं वाटलं, पण दोन-तीन महिन्यांनी बघते तर जास्वंदीची पानं कडेने करपलेली, बुंध्याभोवतीची काळी माती दगडासारखी घट्ट झालेली आणि वर पांढरट पापुद्रा. पाणी घातलं तर जिरायचंच नाही, वरच साचून राहायचं. पाणी वाया जात नाहीये एवढंच मी बघत होते, त्या पाण्यातून मातीत काय काय चाललंय ते बघितलंच नव्हतं.

त्यानंतर दोन फिल्टर केले, दोन्ही बिघडले, तिसरा चांगला चाललाय. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय, थोडं लांबेल पण घाई करू नका, कारण यात चुका सुरुवातीलाच होतात आणि कळतात दोन महिन्यांनी.

आधी कुठलं पाणी घ्यायचं ते ठरवा

संडासाचं पाणी यात कधीच नाही, त्याची लाईन वेगळी, तो विषयच वेगळा. इथे मोरीचं पाणी म्हणते तेव्हा आपल्याला पाहिजे ते अंघोळीचं, बेसिनचं आणि कपड्यांचं पाणी. लहान बाळाची दुपटी-लंगोट धुतलेलं पाणी पण यात सोडू नका, ते संडासाच्या पाण्यातच धरा. घरात कुणाला जुलाब किंवा कावीळ असेल तर बरं होईपर्यंत सगळंच पाणी गटाराला सोडा.

स्वयंपाकघरातल्या मोरीचं पाणी या फिल्टरला जोडू नका असं मी सांगेन. लोक म्हणतात त्यात साबण कमी असतो, ते खरंय, पण तेल, भाताची पेज, डाळीचा गाळ हे सगळं वाळूत जाऊन बसतं, आठवड्यात सडतं आणि मग असा वास सुटतो की घरातलेच लोक फिल्टर फेकून द्या म्हणतात. भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी तर फिल्टरची गरजच नसलेलं पाणी आहे, ते भांड्यात धरायचं आणि सरळ कुंड्यांना घालायचं. खरकट्या भांड्यांचं पाणी गटारात किंवा शोषखड्ड्यात जाऊ द्या.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट. या फिल्टरमधून निघणारं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी ते प्यायचं नाही, त्यात भाजी धुवायची नाही, मुलांना खेळायला द्यायचं नाही. अंघोळीच्या पाण्यात शरीरावरचे जंतू असतात आणि खडी-वाळूतून ते कमी होतात, संपत नाहीत. हे पाणी झाडांच्या मुळाशी जाण्यासाठी आहे. ते नीट जमलं तरी खूप झालं.

फिल्टरच्या आधी साबण बदला

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि नवीन माणूस नेमकं हेच सोडून देतो. खडी, वाळू, कोळसा यापैकी कुणीही पाण्यात विरघळलेलं मीठ काढू शकत नाही. मळ निघेल, फेस निघेल, वास जाईल, रंग कमी होईल, पण धुण्याच्या पावडरमधला सोडा आणि त्यातलं सोडियम जसंच्या तसं खाली उतरतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी मोजून बघा, आकडा जवळपास तोच येतो. त्याने घाबरू नका, फिल्टर बिघडलेला नाही, त्याचं ते कामच नाही.

आणि काळ्या मातीला हे सोडियम फार वाईट. मातीचे बारीक कण एकमेकांपासून सुटतात, भोकं बुजतात आणि पाणी आत जाणंच बंद होतं. माझ्या जास्वंदीखाली नेमकं हेच झालं होतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या खारपाण पट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, जमिनीत सोडियम वाढलं की काय होतं ते तो पिढ्यानपिढ्या बघतोय.

म्हणून पहिलं काम म्हणजे कपड्यांची पावडर निम्मी करा. खरंच सांगते, आपण लागते त्याच्या दुप्पट टाकतो. जमलं तर पावडर सोडून लिक्विड घ्या, पावडरमधे सोडियमचा भरणा जास्त असतो. बोरॅक्स असलेली कुठलीच वस्तू नको, त्यातलं बोरॉन थोडं जास्त झालं तरी झाडांची पानं जळतात. साध्या रोजच्या कपड्यांना रिठा चालतो, मी सुती कपड्यांना आठवड्यातून दोनदा तरी रिठ्याचं पाणीच वापरते. ब्लीच, फिनेल, बाथरूम धुवायचं ॲसिड ज्या दिवशी वापराल त्या दिवशी व्हॉल्व्ह फिरवून पाणी गटाराला सोडायचं. हे का, आणि तो व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, ते पुढे येईलच.

आमच्या आजीच्या घरी मोरीच्या मागे अळू असायचं, डोक्याएवढी पानं, आणि त्याची भाजी अख्खं घर खायचं. आता तसं चालणार नाही असं मी सांगते तेव्हा लोकांना पटत नाही. पण आजीच्या मोरीतून काय जायचं ते आठवा. शिकेकाई, डाळीचं पीठ, भांडी घासलेली राख. अळू तेच आहे, पाणी बदललंय.

किती पाणी, केवढा फिल्टर

एक आठवडा बादल्या मोजा. अंदाजाने करू नका. आमच्या घरी चार माणसं, प्रत्येकी साधारण २० लिटरची एक बादली म्हणजे ८० लिटर, हातपाय-बेसिनचं २०, कपड्यांचं ५० च्या आसपास, सगळं मिळून दिवसाला १५० लिटर. तुमच्याकडे शॉवर असेल किंवा टॉप लोड मशीन रोज चालत असेल तर आकडा आरामात ३०० च्या पुढे जाईल. पाणी आधी गाळाच्या छोट्या ड्रममधे, मग खडी-वाळूच्या फिल्टर ड्रममधे आणि शेवटी खडी भरलेल्या कर्दळीच्या वाफ्यात जातं. खाली दिलेली मापं १५० लिटरची आहेत, पाणी दुप्पट असेल तर ड्रम दोन आणि वाफा दुप्पट लांब.

ड्रमबद्दल सांगायचं तर २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा घ्या. जुना बाजारात मिळतो, पण आधी त्यात काय होतं ते विचारा आणि झाकण उघडून वास घ्या. केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी नको, खायच्या वस्तूचा असेल तरच घ्यायचा.

बाकी सामान असं: ४० एमएम, २० एमएम आणि १०-१२ एमएम खडी, नदीची जाड वाळू, लाकडी कोळसा, पक्क्या विटांचे तुकडे, मच्छरदाणीचं नायलॉन कापड, नारळाचा काथ्या, दोन इंची आणि एक इंची पीव्हीसी पाईप, टँक निपल (ड्रमच्या भोकात बसवून पाईप जोडायचा तुकडा), एल्बो (काटकोनी वळणाचा जोड), टी (तीन तोंडांचा जोड), दोन-तीन बॉल व्हॉल्व्ह आणि वाफ्यासाठी शेततळ्याचा कागद (शेततळ्यात अंथरतात तो जाड प्लास्टिकचा). गाळासाठी ६०-७० लिटरचा एक छोटा ड्रम वेगळा.

नदीची वाळू मिळणं आता अवघड झालंय, क्रश सँड चालते पण तिच्यात दगडाची पूड खूप असते आणि माझा पहिला फिल्टर त्यानेच मेला. न धुता भरली, पहिल्या दिवशी पाणी राखाडी आलं, मी म्हटलं निघून जाईल, पण ती पूड खाली जाऊन गाऱ्यासारखी बसली आणि पंधरा दिवसांत पाणी वरून वाहायला लागलं. वाळू धुतली का ते बघायची सोपी पद्धत सांगते. काचेच्या बरणीत मूठभर वाळू घ्या, पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात वरचं पाणी नितळ दिसलं पाहिजे. गढूळ राहिलं तर अजून धुवा. मला सात-आठ पाणी लागली, तेही दुष्काळी गावात, पण ते धुतलेलं पाणी मी हौदात नितळून परत तेच वापरलं.

विटा नीट भाजलेल्या पाहिजेत. कच्ची वीट पाण्यात भिजून चिखल होते. जास्त भाजून काळपट झालेली, जिला आमच्याकडे खंगर म्हणतात, ती उत्तम. दोन तुकडे एकमेकांवर वाजवून बघा, टणटण आवाज आला पाहिजे. कोळसा म्हणजे लाकडाचा कोळसा, हरभऱ्यापासून सुपारीपर्यंत तुकडे करून, पूड चाळून टाकून, धुवून. चुलीतली राख नाही. राखेने पाणी अजून खारं-तुरट होतं, म्हणजे जे टाळायचंय तेच.

पायरी पहिली: जाळी आणि गाळाचा ड्रम

बाथरूमचा पाईप जिथे बाहेर येतो तिथे नायलॉनच्या कापडाची पिशवी रबरबँडने नको, क्लिपने बांधा. केस, दोरे, कपड्यांची लव इथेच अडली पाहिजे. ही पिशवी एका दिवसात किती भरते ते बघाल तर आश्चर्य वाटेल, विशेषतः मशीनचं पाणी असेल तर.

तिथून पाणी छोट्या ड्रममधे. या ड्रमची युक्ती एवढीच की पाणी बाहेर जायचा पाईप ना तळाशी पाहिजे ना अगदी वर. आतल्या बाजूला टी लावून त्याचं खालचं तोंड पाण्याच्या मधोमध येईल असं करा. मग जड गाळ तळाशी राहतो, साबणाची साय आणि तेल वर तरंगतं आणि मधलं त्यातल्या त्यात बरं पाणी पुढे जातं. तळाला एक व्हॉल्व्ह ठेवा, गाळ सोडायला.

बोअरचं पाणी जड असेल तर या ड्रमची फार गरज आहे. जड पाण्यात साबण लावला की फेस येत नाही, पांढरी चिकट साय होते, बादलीच्या कडेला बसते तीच. ती सरळ वाळूवर गेली तर वाळूला तुपासारखी लेप मारते. मशीनचं पाणी तर पंपाने एकदम येतं, हा ड्रम मधे नसेल तर वाळूत खड्डा पाडतं. मशीन रोज लावत असाल तर इथे ६० ऐवजी १०० लिटरचा ड्रम घ्या आणि पुढचा व्हॉल्व्ह अर्धवटच उघडा ठेवा, म्हणजे पाणी सावकाश जाईल.

पायरी दुसरी: फिल्टरचा ड्रम

ड्रम कुठे ठेवणार ते आधी ठरवा कारण भरल्यावर तो हलणार नाही. दगड-वाळू-पाणी मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास जातं. खाली विटांचा किंवा काँक्रीटचा पक्का ओटा, एक फूट उंच, आणि गाळाच्या ड्रमपेक्षा खाली, म्हणजे पंप लागत नाही. गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर इंजिनियरला विचारल्याशिवाय ठेवू नका.

तळापासून दोन इंचावर टँक निपल बसवून आत एक इंची पाईपचा तुकडा आडवा टाका, त्याला ड्रिलने खालच्या बाजूला भोकं पाडा, टोकाला एंड कॅप. मग भरायला घ्या, तळापासून वर असं: ४० एमएम खडी सहा इंच, २० एमएम चार इंच, १०-१२ एमएम तीन इंच, त्यावर नायलॉन कापड, कोळसा चार इंच, परत कापड, मग वाळू दहा इंच, आणि सगळ्यात वर विटांचे तुकडे दोन इंच. वर पाच-सहा इंच मोकळं राहिलं पाहिजे. विटांच्या वर काथ्याची चटई करून ठेवा, पाणी त्यावर पडेल, म्हणजे उरलासुरला कचरा तिथेच अडकतो आणि ती काढून फेकता येते. नवीन काथ्याचं पाणी पहिले काही दिवस चहासारखं तांबूस येतं, ते नॉर्मल आहे.

कोळसा खाली आणि वाळू वर का, असं बरेच जण विचारतात. कोळशाच्या तुकड्यांना बारीक भोकं असतात, रंग आणि वास तिथे चिकटतो, पण मळकं पाणी सरळ त्याच्यावर आलं तर भोकं मळानेच भरतात आणि कोळसा नुसता काळा दगड होऊन बसतो. म्हणून आधी वाळूने मळ धरायचा, मग कोळसा.

आता यातली खरी गोष्ट. हे थर पाणी साफ करतात ते गाळून कमी आणि जगून जास्त. दोन ते चार आठवड्यांत वाळूच्या आणि खडीच्या प्रत्येक कणावर एक बुळबुळीत पातळ थर बसतो. खडा हातात घेऊन चोळलात तर नदीतल्या दगडासारखा सुळसुळीत लागतो. तो थर म्हणजे जिवाणू, आणि साबण, घाम, तेल ते खातात. त्यांना हवा लागते. म्हणून पाणी ड्रममधे तुंबवून ठेवायचं नाही, खालचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा. सकाळी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, पाणी झरून गेलं, मधल्या वेळात वाळूत हवा शिरली, संध्याकाळी परत पाणी. असं श्वास घेतल्यासारखं चाललं पाहिजे. ड्रमचं झाकण गच्च लावू नका, वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, हवा जाते आणि डास येत नाहीत. आणि ब्लीच-ॲसिड का सोडायचं नाही ते आता लक्षात आलं असेल. एका दिवसाच्या ॲसिडने महिनाभराची वस्ती मरते.

माझा दुसरा फिल्टर असाच गेला. दिवाळीला आठ दिवस गावाला गेलो, जाताना मी खालचा व्हॉल्व्ह बंद केला, वाटलं पाणी आत राहिलं तर ओलावा राहील. आल्यावर व्हॉल्व्ह उघडला तर काळं पाणी आणि सडक्या अंड्याचा वास, गल्लीतल्या शेजारच्या काकू बाहेर आल्या काय झालं म्हणून. हवा संपल्यावर आतले चांगले जिवाणू मरतात आणि हवेशिवाय जगणारे वाढतात, वास त्यांचा.

पायरी तिसरी: कर्दळीचा वाफा

नुसत्या ड्रमवर थांबलात तरी चालेल, पण परसात जागा असेल तर वाफा कराच. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने फायटोरिड नावाची जी पद्धत विकसित केली ती याच तत्त्वावर आहे, खडीच्या आतून पाणी सावकाश जाऊ द्यायचं आणि झाडांच्या मुळांना काम करू द्यायचं.

आठ फूट लांब, दोन फूट रुंद, पावणेदोन फूट खोल असा चर खणा. घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब आणि विहीर-बोअरपासून तीस-चाळीस फूट. तळ पाणी बाहेर पडायच्या टोकाकडे अगदी किंचित उतरता, आठ फुटाला एक इंच पुरे. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यामुळे आत शेततळ्याचा कागद अंथरायलाच हवा, खाली थोडी माती-वाळू पसरून, म्हणजे खडे टोचणार नाहीत. कागद कडेने फूटभर बाहेर घ्या.

दोन्ही टोकांना एकेक फूट ४० एमएम खडी, मधे सगळी १०-१२ एमएम. सगळी मिळून पाव ब्रासपेक्षा (पंचवीस घनफुटांपेक्षा) थोडी जास्त लागते. पाणी एका टोकाला खडीच्या आत सोडायचं, वर नाही, आणि दुसऱ्या टोकाला तळातून पाईप बाहेर काढून त्याला एल्बो लावून उभा पाईप करायचा. हा उभा पाईप जेवढा उंच तेवढी आतल्या पाण्याची पातळी. ती खडीच्या दोन-तीन इंच खाली ठेवा. वरून चालत गेलात तर पाय कोरडा राहिला पाहिजे. उघडं पाणी कुठेच दिसत नसेल तर डास अंडी घालणार कुठे? माझ्या सासूबाईंना डासांचीच भीती होती, आता त्या तिथेच खुर्ची टाकून बसतात.

हिशोब बघा, खडीच्या मधल्या फटी साधारण ३५ ते ४० टक्के असतात, म्हणजे या वाफ्यात अडीचशे लिटरच्या आसपास पाणी मावतं, रोज १५० आलं तर एकेक थेंब पावणेदोन दिवस तरी आत राहतो. दोन दिवसांच्या जवळ असलं की बरं.

झाडं कर्दळीची. गड्डे कुणीही देतं, फूट-फूट अंतरावर दोन ओळीत चौदा-सोळा लावा, गड्डा पाण्याला टेकेल एवढा खोल. वाळा पण छान येतो. पाणकणीस खूप पसरतं, घरी नको. पहिला महिनाभर उभा पाईप थोडा उंच ठेवा, मुळं खाली उतरली की दोन इंचाने कमी करा. पहिले दोन आठवडे ताज्या लावणीवर निम्मं साधं पाणी मिसळलेलं बरं. दीड महिन्यात कर्दळ छातीएवढी होते.

चालू करताना

आधी साधं पाणी सोडून नितळ यायची वाट बघा. मग मोरीचं जोडा. पहिले दोन-तीन आठवडे पाणी गढूळसर येईल, फेस येईल, निराश होऊन काही बदलू नका, थर बसतोय. महिन्याने एक बाटली भरून घ्या आणि दोन गोष्टी बघा. जोरात हलवा, फेस काही सेकंदांत विरला तर साबण बराचसा गेला, मिनिटभर टिकला तर अजून आहे किंवा तुम्ही पावडर जास्त टाकताय. मग बूच लावून बाटली सावलीत एक दिवस ठेवा आणि उघडून वास घ्या. ओल्या मातीसारखा वास आला तर छान. सडका आला तर खाण्यासारखं बरंच काही पाण्यात उरलंय, वरची वाळू बघा.

निघालेलं पाणी साठवून ठेवायचं नाही, त्याच दिवशी वापरायचं. टाकीत भरून ठेवू, आठवड्याने देऊ, हे चालत नाही.

झाडांना देताना

पानांवर शिंपडायचं नाही, तुषार नाही, फवारा नाही. बुंध्यापासून फूटभर लांब आळं करून त्यात पालापाचोळा आणि त्याखाली पाणी. कोथिंबीर, पालक, मेथी, मुळा, गाजर, म्हणजे जे कच्चं खातो किंवा जे मातीला टेकलेलं असतं त्याला हे पाणी नाही. नारळ आणि चिक्कू खारटपणा बऱ्यापैकी सोसतात, त्यांना बिनधास्त द्या. केळी पाण्याला हावरट आहे पण मिठाला तेवढी दणकट नाही, साबण कमी असेल तरच. लिंबू-मोसंबी नाजूक, त्यांना साधंच पाणी. शेवगा, मोगरा, जास्वंद यांना आलटून पालटून, एक दिवस हे पाणी तर दोन दिवसांनी साधं.

एकाच झाडाला रोज देऊ नका, जागा बदलत राहा. आळ्यात पांढरा पापुद्रा दिसला की त्या झाडाचं हे पाणी महिनाभर बंद. माझ्या जास्वंदीच्या मातीत मी कृषी सेवा केंद्रातून जिप्सम आणून मिसळलं, शेणखत घातलं आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ दिला तेव्हा कुठे पाणी परत जिरायला लागलं. नवीन पालवी पुढच्या मार्चमधे आली.

सफाई

जाळीची पिशवी रोज. गाळाचा ड्रम आठवड्याला, रविवारी, गाळ खड्ड्यात टाकून वर माती. महिन्यातून एकदा काथ्या बदला आणि वाळूचा वरचा एक इंच खरवडून काढा, धुवून उन्हात वाळवा, परत टाका. सगळी वाळू धुवू नका, थर जाईल. कोळसा मी साधारण चार महिन्यांनी बदलते, जुना कंपोस्टमधे जातो. कर्दळ वर्षातून दोनदा जमिनीपासून अर्ध्या फुटावर कापायची, परत जोमाने फुटते, आणि कापलेलं तिथेच कुजायला सोडायचं नाही. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, मुलांना या कामाला लावू नका.

पाणी ड्रमच्या वर तुंबायला लागलं तर नव्वद टक्के वेळा दोष वरच्या इंचभर वाळूचा असतो, अख्खा ड्रम उपसायला घेऊ नका. खरवडूनही उतरत नसेल तर कापडाचा थर बुजलाय, मग मात्र वाळू काढावी लागेल.

जागाच नसेल तर

फ्लॅटमधे हे सगळं होणार नाही आणि बाल्कनीत ड्रम भरून ठेवायचा हट्ट करू नका, वजन लक्षात घ्या. तिथे अंघोळीचं पाणी बादलीत धरून फ्लशला वापरणं हेच सगळ्यात सोपं आणि चांगलं, त्याला फिल्टरही लागत नाही, फक्त दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. खेड्यात अंगण आहे पण झाडं नाहीत असं असेल तर जाळी आणि गाळाचा ड्रम करून पाणी शोषखड्ड्यात सोडा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारं घालवली आणि त्याबरोबर डासही, त्याची बरीच चर्चा झाली होती. फक्त शोषखड्ड्यालाही आधी गाळ अडवणारं काहीतरी लागतंच, नाहीतर तो दोन वर्षांत बुजतो.

पावसाळा आणि गावाला जाताना

जाळीच्या आधी एक टी आणि दोन व्हॉल्व्ह ठेवले असतील तर पाणी फिल्टरला नाहीतर गटाराला, असं एका हाताने फिरवता येतं. ही सोय पहिल्याच दिवशी करून घ्या, नंतर पाईप कापायला प्लंबर लवकर मिळत नाही. जुलै-ऑगस्टमधे चांगला पाऊस असेल तर झाडांना पाण्याची गरज नसते, तेव्हा दिवसाआड थोडं पाणी फिल्टरला सोडायचं, आतली वस्ती जिवंत राहण्यापुरतं, बाकी गटाराला. या दिवसांत मातीतलं साठलेलं मीठ पावसाने खाली धुवून जातं, ते जाऊ द्या, त्यावर परत मोरीचं पाणी घालू नका.

आठ-दहा दिवस गावाला जायचं असेल तर गाळाचा ड्रम रिकामा करून धुवा, फिल्टरचा खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, आणि शेजारी कुणी असेल तर तीन दिवसांनी वरून एक बादली साधं पाणी ओतायला सांगा. वाफ्याला काही करावं लागत नाही, उभ्या पाईपमुळे पाणी आत राहतंच, कर्दळ तेवढ्यावर दहा दिवस काढते. आल्यावर पहिल्या दिवशी निघणारं पाणी नारळाला द्या, दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखं.